चष्म्याच्या घराचा एचएस क्रमांक कोणता?

प्रश्न : आम्ही चष्म्याची रिकामी घरे, म्हणजे केस, आयात करतो. एका मालात चार प्रकार आहेत : अस्सल चामड्याची, पत्र्याच्या सांगाड्यावर रेक्झिन चढवलेली, साच्यात घडवलेल्या कडक प्लॅस्टिकची आणि मायक्रोफायबरच्या कापडाची दोरी ओढून बंद होणारी पिशवी. पुरवठादाराने सर्वांवर ‘प्लॅस्टिकच्या इतर वस्तू’ म्हणून एचएसचे, म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय सांकेतिक वर्गीकरणाचे, ३९२६ हे शीर्षक (चार अंकी गट) टाकले आहे. ते योग्य आहे का? आणि हीच घरे चष्म्यांसोबत आली तर वर्गीकरण बदलते का?

उत्तर : पुरवठादाराने टाकलेले शीर्षक आपल्या चारही प्रकारांसाठी चुकीचे आहे, अगदी कडक प्लॅस्टिकच्या घरासाठीही. चष्म्याच्या घराचे नाव घेऊन उल्लेख करणारे शीर्षक ४२०२ हे आहे आणि प्लॅस्टिकच्या ३९व्या प्रकरणाच्या दुसऱ्या टिपेतच ४२०२ मधील वस्तू त्या प्रकरणातून वगळलेल्या आहेत. लाकडाच्या ४४व्या प्रकरणातही अशीच तरतूद आहे, त्यामुळे उद्या आपण लाकडी घरे मागवली तरी ती याच शीर्षकाखाली येतील.

शंका सहसा निर्माण होते ती ४२०२ चा मजकूर घाईने वाचल्यामुळे. त्या लांबलचक मजकुराच्या मधोमध एक अर्धविराम आहे आणि माझ्या मते सगळ्या शीर्षकातील सर्वांत महत्त्वाचे चिन्ह तेच आहे. अर्धविरामानंतर येणाऱ्या हातपिशव्या, पाकिटे, दागिन्यांच्या पेट्या इत्यादी वस्तू चामडे, प्लॅस्टिकची शीट, कापड, पुठ्ठा अशा ठरावीक सामग्रीच्याच असाव्या लागतात, किंवा त्यांवर अशा सामग्रीचे अथवा कागदाचे पूर्ण वा बहुतांश आवरण असावे लागते. चष्म्याची घरे मात्र ट्रंका, सूटकेस, कॅमेऱ्याच्या आणि वाद्यांच्या पेट्या यांच्या पंक्तीत, म्हणजे अर्धविरामाच्या आधी बसलेली आहेत आणि त्या भागाला सामग्रीची अट नाही. म्हणून धातूचे किंवा ओतीव प्लॅस्टिकचे घरही ४२०२ मध्येच राहते. वेताच्या विणकामाचे घर मात्र ४२व्या प्रकरणाच्या टिपेनुसार ४६०२ मध्ये जाते.

शीर्षकाच्या पातळीवर न विचारलेली सामग्री उपशीर्षकाच्या, म्हणजे सहा अंकांच्या, पातळीवर निर्णायक ठरते. चष्म्याचे घर ही खिशात किंवा हातपिशवीत बाळगण्याची वस्तू असल्यामुळे ते ४२०२.३ या गटात येते आणि तेथे केवळ बाह्य पृष्ठभाग, म्हणजे नुसत्या डोळ्यांना बाहेरून दिसणारी सामग्री, पाहिली जाते. आतला सांगाडा किंवा मखमली अस्तर पाहिले जात नाही. त्यानुसार आपले चामड्याचे घर ४२०२.३१ मध्ये जाईल. चामड्याच्या रक्षणासाठी त्यावर डोळ्यांना न दिसणारा, साधारणपणे ०.१५ मिलिमीटरपेक्षा पातळ असा प्लॅस्टिकचा थर असला तरी तो चामड्याचाच पृष्ठभाग मानला जातो. रेक्झिनच्या घरात पत्रा कितीही जड असला तरी बाहेर दिसते ते प्लॅस्टिकच्या शीटचे आवरण, म्हणून ते ४२०२.३२ मध्ये येईल. मायक्रोफायबरची पिशवीही, ती चष्म्याच्या मापाची आणि दीर्घकाळ टिकणारी असल्यास, कापडी पृष्ठभागामुळे माझ्या मते येथेच येते. तिने काच पुसता येते एवढ्याने ती पुसण्याचे फडके ठरत नाही. कडक प्लॅस्टिकचे घर मात्र ४२०२.३९ मध्ये जाईल, कारण साच्यात ओतलेले प्लॅस्टिक म्हणजे शीट नव्हे. हा भेद दिसायला बारीक असला तरी उपशीर्षक बदलले की शुल्काचा दरही बदलू शकतो, म्हणून येथे विशेष काळजी घ्यावी.

आता चष्म्यांसोबत येणाऱ्या घरांविषयी. एचएसच्या अर्थनिर्णयाचा सर्वसाधारण नियम ५(अ) सांगतो, की विशिष्ट वस्तूसाठी घडवलेले, दीर्घकाळ वापरण्याजोगे आणि सामान्यतः त्या वस्तूसोबतच विकले जाणारे घर त्या वस्तूसोबत सादर केले, तर त्याचे वर्गीकरण त्या वस्तूबरोबरच होते. म्हणजे गॉगलसोबतचे घर ९००४.१० मध्ये, नंबरच्या चष्म्यासोबतचे ९००४.९० मध्ये आणि नुसत्या फ्रेमसोबतचे ९००३ मध्ये जाईल. वाहतुकीच्या सोयीसाठी घरे वेगळ्या खोक्यात भरली तरी चालते, परंतु संख्या जुळली पाहिजे : ५०० चष्म्यांसोबत ६०० घरे आली, तर वरची १०० घरे स्वतंत्रपणे ४२०२ मध्येच दाखवावी लागतील. घरच इतके मौल्यवान असेल की संपूर्ण वस्तूला मूळ स्वरूप तेच देते, तर हा नियम लागू होत नाही.

एचएसचे हे सहा अंक सर्वत्र सारखे असतात, त्यापुढचे अंक आणि दर प्रत्येक देश स्वतः ठरवतो. आपण पुरवठादाराकडून बिजकावर ‘आय केस’ एवढ्यावर न थांबता प्रत्येक प्रकाराची बाह्य सामग्री, ती शीट आहे की ओतीव, आणि घर रिकामे आहे की चष्म्यासह, हे लिहून घ्यावे. तरीही वाद उरला, तर माल निघण्यापूर्वीच नमुन्यासह सीमाशुल्क प्रशासनाकडे आगाऊ निर्णयासाठी अर्ज करावा. २०१७ पासून अमलात असलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या व्यापार सुलभीकरण करारात वर्गीकरणाविषयी अशा निर्णयाची तरतूद आहे.