लिलावातली पोलीस बोलेरो नावावर होईल का?

कराडकडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी भंगारवाल्याकडून पोलिसांची 2013 ची बोलेरो घेतली, त्याने ती लिलावात लॉटमध्ये उचललेली, ह्यांच्याकडे कागद म्हणजे फक्त स्टॅम्पपेपरवरची नोटरी. घरच्या शेडमध्ये इंजिन खोललं, पत्र्याचं काम केलं, दोन लाख गेले, आता ऑलिव्ह ग्रीन रंग, पुढे बुलबार (बंपरपुढचा लोखंडी गार्ड) आणि टपावरचा लाल-निळा दिवा आठवण म्हणून ठेवायचाय. आरटीओ म्हणतं ट्रान्सफर होणार नाही.

दादा, आधी पाना खाली ठेवा. अजून एक रुपया घालू नका.

सगळं अडलंय ते लिलावाच्या विक्री आदेशावर, आणि तो तुम्ही अजून बघितलेलाच नाही. गाडी निर्लेखित झाली म्हणजे सरकारी दफ्तरातून कमी झाली एवढंच, त्याने रजिस्ट्रेशन आपोआप रद्द होत नाही, इथे बरेच लोक घोळ करतात. पण लॉट 'स्क्रॅप' म्हणून विकला असेल आणि आरसी, म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र, रद्द केलेलं असेल तर ती गाडी कायद्याच्या नजरेत लोखंड आहे, तुम्ही कितीही चकाचक करा. म्हणून आजच 'वाहन' पोर्टलवर नंबर टाकून स्टेटस बघा.

आरसी चालू दाखवत असेल तर रस्ता आहे. सरकारी लिलावात घेतलेल्या गाडीसाठी फॉर्म 32 असतो, ताबा घेतल्यापासून 30 दिवसांत भरायचा, सोबत आरसी, इन्शुरन्स, विक्री आदेश आणि लिलावाला परवानगी देणाऱ्या सरकारी आदेशाची प्रमाणित प्रत. हा फॉर्म भंगारवाल्याने भरायला हवा होता, त्याने नाही भरला, म्हणून तुमची नोटरी आरटीओत कोणी हातातही घेणार नाही. आधी त्याच्या नावावर, मग मालकी बदलाच्या फॉर्म 29-30 ने तुमच्या. उशिराचा दंड पडेल, पडू दे.

आता तुमची हौस. ऑलिव्ह ग्रीन विसराच, केंद्रीय मोटार वाहन नियम 121 प्रमाणे तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. दुसरा कुठलाही घ्या पण आरसीवर नोंदवून घ्या. बुलबारवर कारवाई करा असं केंद्राने 2017 मध्येच राज्यांना कळवलंय. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीने दिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, सुप्रीम कोर्टानेही 2019 मध्ये तेच सांगितलं, आणि कलम 182अ मध्ये प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इंजिन दुसरं टाकणार असाल तर आधी आरटीओची परवानगी. आणि गंज घासताना चेसिस नंबरवर ग्राइंडर फिरवू नका हो, तो आकडा पुसला की उद्या तुम्हालाच चोरीची गाडी का म्हणून विचारतील, एका अशिलाला ह्याच पायी वर्षभर हेलपाटे घालताना बघितलंय मी.

दिवा, सायरन, 'पोलीस' स्टिकर सगळं उतरवा. हौस म्हणून लावलेला दिवा आणि त्या जोरावर टोलनाक्यावर टाकलेला रुबाब ह्यात फार अंतर नसतं, आणि तसं काही केलंत तर भारतीय न्याय संहितेचं कलम 204 आहे, किमान सहा महिने, तीन वर्षांपर्यंत. वायरलेसचा एखादा भाग आत राहिला असेल तर पोलिसांच्या मोटार परिवहन विभागात देऊन पोच घ्या.

शेतात तर फिरवू ना, असंही तुम्ही विचारलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम 39 मध्ये 'सार्वजनिक किंवा इतर कोणत्याही ठिकाणी' असे शब्द आहेत, म्हणजे बिनारजिस्ट्रेशन बांधावरसुद्धा नाही.

आरसी रद्द निघालं तर मोर्चा भंगारवाल्याकडे. 'पेपर क्लिअर आहेत' असे त्याचे व्हॉट्सअॅप मेसेज तुमच्याकडे आहेत ना, ते अजिबात डिलीट करू नका, मोबाईलही बदलू नका. आधी वकिलामार्फत नोटीस, मग जिल्हा ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षांची. गाडीची किंमत मागा, दुरुस्तीचा खर्चही मागा, पण पार्टची बिलं नसतील तर त्यातलं किती मिळेल ह्याची खात्री मी देणार नाही.

विक्री आदेश तो देत नसेल तर पोलीस अधीक्षक कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका, जोडपत्र 'अ' ह्या नमुन्यात, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि दीडशे शब्दांच्या आत. मागायचं एवढंच, ह्या नंबरच्या गाडीचा विक्री आदेश आणि लिलावाच्या अटी-शर्ती. 30 दिवसांत उत्तर यायला हवं, आलं की मला दाखवा.