मे महिन्यातली वाडी

"मॅडम, ज्या वाडीसाठी तिकडे इतकी वर्षं झुरलो, तिथेच आता जीव रमत नाही. माझं काही बिघडलंय का?" आखातातून कायमचे परतलेले पुरुष माझ्याकडे समुपदेशनाला आले की हे वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. बरेच जण तेही विचारत नाहीत, बायको किंवा मुलगी त्यांना घेऊन येते. घरच्यांची तक्रार ठरलेली असते: चिडतात, रात्रभर जागे असतात, प्रत्येक गोष्टीत खोट काढतात. अशाच एका जोडप्याबद्दल लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

काका मस्कतला बांधकामावर फोरमन होते, पंचवीसेक वर्षं. दापोली तालुक्यात समुद्रालगत माड-पोफळींची वाडी, वर कातळावर हापूसची कलमं. नोकरी संपवून ते ऐन जुलैत घरी आले आणि आल्या आल्या कामाला लागले. ठिबकचं सामान मागवलं. गडग्याजवळचं जुनं रायवळ आंब्याचं झाड तोडायला माणूस बोलावला, कारण त्याची सावली पोफळींवर पडते. काकूंनी त्या माणसाला दारातूनच परत पाठवलं. त्या दिवसापासून काका ओटीवर बसून, बोलणं बंद.

माझ्याकडे आल्यावर आधी ते एकटेच बोलले. "चाळीस माणसं होती माझ्या हाताखाली. इथे साधा गडी हिला विचारून काम करतो." मी वाडीचा विषय काढला तसा मात्र चेहरा खुलला. आढीतल्या आंब्यांचा वास, फणस फोडायला जमलेली भावंडं, मांडवात उठणाऱ्या पंगती. सुट्टी कधी मिळायची, असं विचारलं. दोन वर्षांतून एकदा, आणि मुलांच्या शाळेमुळे ती मे महिन्यातच घ्यायची.

म्हणजे पंचवीस वर्षं या माणसाने आपली वाडी फक्त मे महिन्यात पाहिली होती! मस्कतच्या खोलीत रात्री आठवायची तीही तीच. जुलैत चिखल, गुडघाभर रान, वीज गेलेली, आणि पंगतीला कुणी नाही. मन लागायचं कसं?

पुढच्या वेळी दोघांना एकत्र बसवलं आणि वाडीची बारा महिन्यांची कामं सांगायला लावली. काका आंबा उतरवण्यापाशी थांबले. काकू थांबेचनात. मिरगाआधी पोफळींवर बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक, १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. पाऊस लागून राहिला की कोळेरोगाने सुपारी गळते, म्हणून पुन्हा एक फवारणी. माडाच्या शेंड्यात गेंडा भुंगा शिरलाय का ते बघायचं. पाऊस सरला की रान काढायचं, मग पाट नीट करून शिंपणं. आंब्याला मोहोर आला की तुडतुडे ही कीड आणि भुरी हा रोग. वानरांची राखण तर रोजचीच. "एवढं सगळं झालं की मे येतो," काकू म्हणाल्या, "आणि मग हे यायचे."

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात त्यांची जवळजवळ निम्मी वाडी आडवी झाली. कोरोनामुळे नेहमीची विमानं बंद होती, इकडे वीज नाही, फोन नाही. काका पुढच्या सुट्टीत आले तोवर पडलेली झाडं उचलून काकूंनी नवी पोफळ लावलीही होती. रोपाला सुपारी धरायला पाच-सहा वर्षं जातात, आणि काका परतले तेव्हा कुठे ती धरायला लागली होती. त्यांच्या वडिलांनी लावलेली वाडी बरीचशी गेली होती आणि त्याबद्दल ते कधी कुणाशी बोललेच नव्हते. ते रायवळ वादळातून वाचलेल्यांपैकी होतं. काकूंनी हे सांगितल्यावर काका बराच वेळ खाली बघत बसले. मग विचारलं, "तेव्हा बोलली का नाहीस?" काकू म्हणाल्या, "तिकडे परदेशात एकट्याने ऐकून काय केलं असतंत?"

परदेशात गेल्यावर माणूस एकदा खचतो आणि घरी परतल्यावर पुन्हा एकदा, हे अभ्यासकांनी फार पूर्वी नोंदवलं आहे. १९६३ मध्ये गलाहॉर्न दांपत्याने या चढउताराला इंग्रजी डब्ल्यू अक्षराचा आकार दिला. प्रत्येकाचा आलेख इतका सुबक निघत नाही, पण घरी आल्यावरचा तो दुसरा खड्डा मी वारंवार पाहिला आहे. तो कृतघ्नपणा नव्हे आणि नखरे तर नव्हेतच. "आता आराम करा" हा घरच्यांचा सल्ला तिथे उपयोगी पडत नाही, उलट माणूस आणखी बिनकामाचा होतो.

आम्ही तिघांनी मिळून जे ठरवलं ते अगदी साधं होतं. वर्षभर मोठ्या वाडीत काकांनी मनाने बदल करायचा नाही. काकू सांगतील ते काम करायचं. विहिरीमागचा रिकामा तुकडा पूर्ण त्यांचा, तिथे ठिबक घाला नाहीतर काहीही लावा. शिवाय मजुरी, औषधं, नारळ-सुपारीची विक्री, हा हिशेब त्यांच्याकडे, कारण फोरमनकी केलेल्या माणसाला ते उत्तम जमतं. बायकोच्या हाताखाली काम करणं त्यांना जड गेलं, अजूनही जातं. "मस्कतला असलं चालत नसे" हे पालुपद सुटलेलं नाही. पण झोप लागते, आणि फवारणीच्या दिवशी मोरचूद तेच कालवतात.

सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, भूक-झोप उडाली, दारू वाढली किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलणं येऊ लागलं, तर वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला तर मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आणि जे अजून तिकडेच आहेत, परतायचा विचार करताहेत, त्यांना माझं सांगणं आहे की शेवटची एखादी सुट्टी मे सोडून ऑगस्टात घ्या. मुलं शाळेत असतील, आंबा नसेल, कपडे वाळणार नाहीत. तेव्हा घरात कोण किती वाजता उठतं आणि काय काय करतं, ते पाहा. आणि काही बदलायचं मनात असेल तर आधी त्या माणसाला विचारा.