कमी खर्चात, फार देखभाल न लागणारी आणि पक्षी-फुलपाखरं येतील अशी बाग कशी करायची?
सगळ्यात आधी महिनाभर काहीच विकत घेऊ नका, ऊन कुठे किती वेळ येतं, पाणी कुठे साचतं ते नुसतं बघा. मग आपल्या भागात आपोआप वाढणारी स्थानिक झुडपं लावा, शेजाऱ्यांकडून फांद्या आणि बिया मागून घ्या, फुकटात काम होतं आणि एकदा मुळं धरली की पाणीही कमी लागतं.

फुलं शक्यतो एकेरी पाकळ्यांची घ्या, डबल पाकळ्यांच्या बऱ्याच जातींत मध आणि पराग फारसा नसतो म्हणून मधमाश्या तिकडे फिरकत नाहीत. आणि प्लीज, अळ्या दिसल्या की लगेच औषध मारू नका हो! फुलपाखरू हवं तर त्याच्या अळीला पानं खाऊ द्यावीच लागतात, शिवाय पिल्लांना भरवायला पक्षी याच अळ्या नेतात.

वाळलेला पाला जाळू नका, झाडांच्या बुंध्याशी ५ ते ७ सेंमी पसरा (खोडाला चिकटवून नाही), ओल टिकते, तण कमी येतं, गांडुळं वाढतात.

पाण्यासाठी उथळ ताटली पुरते, त्यात दोनचार दगड ठेवा म्हणजे मधमाश्या बुडत नाहीत. पाणी मात्र दर २-३ दिवसांनी बदलाच, नाहीतर डास होतील.