पाण्यावरची खोली आणि मोशीतला फ्लॅट

प्रश्न: मी २९ वर्षांचा, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीत आहे. हातात ५८ हजार येतात. होणारी बायको चिंचवडच्या एका खासगी शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते, तिचा पगार ३१ हजार. फेब्रुवारीत लग्न आहे. लग्नाचा माझ्या वाट्याचा खर्च बाजूला काढून एफडीत ३ लाख २० हजार उरतात. हनिमूनला मालदीवला, पाण्यावरच्या व्हिलात चार रात्री राहायचं असं मी ठरवलंय. तिला सरप्राइज द्यायचंय. ती म्हणते अंदमानही चालेल, पण ती पैशाकडे बघून म्हणत असावी. एजंटने खोली रात्रीला ४२० डॉलर आणि सी-प्लेन माणशी ४८० डॉलर सांगितलंय. विमानाची तिकिटं धरून २ लाख ८८ हजार होतात. एफडी मोडायला नको म्हणून २ लाखांचं पर्सनल लोन घेतोय, १४ टक्क्यांनी २४ महिने, हप्ता ९,६००. दिवाळीपर्यंत मोशीत टू बीएचके बुक करायचा विचार आहे. आई म्हणते, हौसेला मोल नसतं. बरोबर करतोय ना?

उत्तर: आईंचं म्हणणं मला मान्य आहे. हौसेला मोल नसतं, पण हॉटेलला असतं, आणि ते तुम्हाला अजून पूर्ण कळलेलं नाही.

कोटेशनचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. त्यात ४२० च्या पुढे बारीक टायपात अधिकची दोन चिन्हं आहेत. धंद्यात त्याला ‘प्लस प्लस’ म्हणतात. पहिलं प्लस १० टक्के सर्व्हिस चार्जचं. दुसरं मालदीवच्या पर्यटन जीएसटीचं, जो जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे आणि सर्व्हिस चार्ज मिळवून झाल्यावर त्या बेरजेवर लागतो. म्हणजे ४२० वर ४२ चढले, ४६२ झाले, त्यावर १७ टक्के, ५४०. तुमची ४२० ची खोली ५४० ची आहे. त्याशिवाय ग्रीन टॅक्स, रिसॉर्टमध्ये माणशी रोजचे १२ डॉलर. हिशेबाला डॉलर ९० रुपये धरतो. चार रात्रींची खोली करांसकट २,१६२ डॉलर, ग्रीन टॅक्स ९६, सी-प्लेन दोघांचं ९६०. बेरीज ३,२१८ डॉलर, म्हणजे साधारण २ लाख ९० हजार. तिकिटांचे तुम्ही धरलेले ५० हजार घातले की ३ लाख ४० हजार.

आणि यात फक्त नाश्ता आहे. मालदीवमध्ये अशा रिसॉर्टचं स्वतःचं अख्खं बेट असतं. बाहेर पडून कोपऱ्यावर मिसळ खाऊ असं नसतं, कोपराच नसतो. जेवायचं त्यांच्याच रेस्टॉरंटात, त्यांच्याच भावात. तुमच्या कोटेशनच्या दुसऱ्या पानावर दुपार-रात्रीच्या जेवणाचा पर्याय आहे, माणशी रोजी ९५ डॉलर, तिथेही प्लस प्लस. दोघांचे चार दिवसांचे ९७८ डॉलर, ८८ हजार रुपये. आता आकडा सव्वाचार लाखांच्या वर गेला. तुम्ही २ लाख ८८ हजार धरून बसला होतात. मधले १ लाख ४० हजार तिथे गेल्यावर क्रेडिट कार्डावर चढले असते, त्यावर बँकेचं साडेतीन टक्क्यांपर्यंतचं फॉरेन मार्कअप, म्हणजे परकी चलनातल्या खर्चावरचं शुल्क, आणि मार्कअपवर १८ टक्के जीएसटी.

एजंटने फसवलं असं मी म्हणत नाही. कागदावर सगळं आहे, तुम्ही फोटो आधी पाहिले इतकंच.

आता कर्ज. ९,६०० चा हप्ता तुम्हाला झेपेल, त्यात शंका नाही. दोन वर्षांत व्याज जाईल साडेतीस हजार, प्रोसेसिंग फी दोन टक्के असेल तर करासकट आणखी ४,७२०. ऋण काढून सण करू नये असं घरात सांगतात, पण मी त्या बाबतीत फार सोवळा नाही. ३५ हजार जास्त देऊन कोणी आयुष्यात एकदा मजा केली तर माझं काय जातंय? माझी हरकत वेगळी आहे, आणि ती मोशीत आहे. दिवाळीत गृहकर्जाला जाल तेव्हा बँक तुमचे चालू हप्ते पगारातून आधी वजा करते आणि मग किती कर्ज द्यायचं ते ठरवते. साडेआठ टक्के दराने २० वर्षांच्या गृहकर्जाचा हप्ता लाखाला ८६८ रुपयांच्या आसपास पडतो. ९,६०० ला ८६८ ने भागा. ११ लाख! तेव्हा त्या पर्सनल लोनचे सव्वाएक वर्षाचे हप्ते शिल्लक असतील, आणि तेवढ्यासाठी गृहकर्जाची पात्रता सुमारे ११ लाखांनी खाली येईल. मोशीत ११ लाखांत टू बीएचकेचा वन बीएचके होतो. हनिमूनची किंमत मोजायची तर ही मोजा.

‘एफडी मोडायला नको’ हा विचार मला रोज ऐकू येतो. एफडीवर सहा-सात टक्के मिळवायचे आणि ती राखायला १४ टक्क्यांनी कर्ज काढायचं, यात एफडी सुरक्षित राहते आणि आपण तेवढे गरीब होतो. तुमचा दोघांचा महिन्याचा खर्च भाडं आणि गावाला पाठवायचे पैसे धरून ४९ हजार लिहिलाय. तीन महिन्यांचे दीड लाख हात न लावता ठेवा. उरतात १ लाख ७० हजार. आज तुमची ऐपत तेवढी. आहेराच्या पाकिटांचा हिशेब आत्ता करू नका, ती पाकिटं कुठे जातात ते लग्न झालेल्या कोणालाही विचारा.

१ लाख ७० हजारांत अंदमान आरामात होतं. दोघांचं सहा रात्रींचं, विमानासकट, चांगल्या ठिकाणी राहून सव्वा ते दीड लाखात बसतं. सगळं रुपयांत, प्लस प्लसची भानगड नाही. स्वराजद्वीप म्हणजे जुनं हॅवलॉक, तिथला राधानगर किनारा सूर्यास्ताला मी पाहिलाय, आणि मालदीवच्या कुठल्याही फोटोपुढे तो मान खाली घालणार नाही. फेब्रुवारीत समुद्रही शांत असतो. एकच सांगतो, परतीच्या विमानाच्या दिवशी सकाळी बोटीने हॅवलॉकहून निघू नका. बोट रद्द झाली की विमान गेलं. शेवटची रात्र श्रीविजयपुरम म्हणजे पोर्ट ब्लेअरलाच काढा, सेल्युलर जेलही बघून होतं.

पण पत्रावरून दिसतं की तुमच्या डोळ्यांपुढे पायऱ्या थेट पाण्यात उतरणारी ती खोली आहे. अंदमान करून आलात तरी ती डोक्यातून जाणार नाही, आणि दोन वर्षांनी तिच्यासाठी पुन्हा खर्च कराल. त्यामुळे मी मालदीवला नाही म्हणत नाही. मी फेब्रुवारीला नाही म्हणतोय.

फेब्रुवारीत तिथे कोरडा हंगाम असतो आणि खोल्यांचे भाव चढे असतात. इकडे तुमचं लग्न, मग सत्यनारायण, मग जेजुरी, मग दोन्हीकडची जेवणं. आणि एका गोष्टीचा हिशेब तुमच्या पत्रात कुठेच नाही. ती दहावीला गणित शिकवते. फेब्रुवारी म्हणजे सराव परीक्षा आणि बोर्डाच्या तोंडावरचे जादा तास. लग्नासाठी सुट्ट्या संपल्यावर आणखी आठवडाभर बाहेर राहिली तर ती बिनपगारी होणार, साधारण सात हजारांची कपात. ही तुमच्या कोटेशनमध्ये नाही, पण तुमच्याच घरातून जाते. ‘अंदमान चालेल’ म्हणण्यामागे पैसे असतील, नाहीतर कमी दिवसांत उरकेल असाही तिचा हिशेब असेल. मी तिला ओळखत नाही. तुम्ही ओळखता, विचारा.

मे महिन्यात शाळेला सुट्टी. तिथे मेपासून पावसाळी हंगाम सुरू होतो, म्हणून रिसॉर्टचे दर उतरतात. पाऊस येतो, कधी एक दिवस सगळा जातो, हे धरून चला. आपल्याकडच्या कोणाला पावसात व्हरांड्यात बसायचं दुःख होतं असं मला वाटत नाही. दरम्यान मार्च-एप्रिलमध्ये दोघांच्या पगारातून महिन्याला ४० हजार उरले तर हातात अडीच लाख होतील, दीड लाख बाजूला ठेवूनही.

त्या अडीच लाखांत काय बसतं ते मांडतो. चारऐवजी तीन रात्री. सी-प्लेन नाही, राजधानी मालेजवळचं स्पीडबोटीने जाता येणारं रिसॉर्ट, बोट माणशी येऊन-जाऊन १५० डॉलर. पहिल्या दोन रात्री किनाऱ्यावरची व्हिला, उतरत्या हंगामात २०० डॉलर धरू, शेवटची रात्र पाण्यावर, ३३० धरू. प्लस प्लससकट खोल्या ९४० डॉलर, तिन्ही दिवसांचं जेवण ७३४, ग्रीन टॅक्स ७२, बोट ३००. एकूण २,०४६ डॉलर, १ लाख ८४ हजार. तिकिटं ५० हजार. एजंटकडून पॅकेज घेतलंत तर त्याचा ५ टक्के जीएसटी, नऊएक हजार. २ लाख ४३ हजार झाले. काठावर बसतं, पण बसतं. दरांचे आकडे मी अंदाजाने धरलेत, रिसॉर्टनुसार ते हलतील, रीत हीच ठेवा.

बिलात टीसीएसची ओळही दिसेल. तो खर्च नाही, तुमच्या पॅनवर आगाऊ भरलेला कर आहे, रिटर्नमध्ये वळता होतो. फक्त बिल ज्याच्या पॅनवर, परतावा त्याला, म्हणून रिटर्न नक्की भरणाऱ्याच्या नावावर घ्या.

पाण्यावर एकच रात्र म्हणून नाराज होऊ नका. काचेच्या जमिनीतून मासे बघायची मजा माझ्या मते पहिली वीस मिनिटं असते. पायऱ्यांवरून पहाटे पाण्यात उतरायचं ते एका पहाटेत होतं. आणि सी-प्लेन सोडायला सांगतोय ते नुसत्या पैशासाठी नाही. ती विमानं फक्त दिवसा उडतात. माझ्याकडे येणारं एक जोडपं दुपारचं स्वस्त तिकीट मिळालं म्हणून खूश होतं. मालेला उतरून बॅगा घेईपर्यंत साडेचार वाजले, शेवटची फेरी भरलेली. रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात काढली, खिडकीतून रनवे दिसत होता. रिसॉर्टने त्या रात्रीचे पैसे अर्थातच घेतले. स्पीडबोट अंधार पडल्यावरही सोडणारी रिसॉर्टं आहेत, फक्त शेवटची बोट किती वाजता ते आधी लिहून घ्या.

याहून स्वस्त हवं असेल तर माफुशीसारख्या गावाच्या बेटावर गेस्ट हाऊसमध्ये राहून एका दिवसासाठी रिसॉर्टची फेरी करता येते. खर्च निम्म्याच्या आत येतो. पण ती वस्ती आहे, मशीद आहे, शाळा आहे, दारू मिळत नाही, पोहायच्या कपड्यांसाठी किनाऱ्याचा ठरावीक तुकडा असतो. मला ते आवडलं असतं. तुमच्या पत्रातल्या हनिमूनशी ते जुळत नाही.

राहिलं सरप्राइज. ठिकाणाचं द्या हवं तर, हप्त्याचं देऊ नका. लग्नानंतरच्या महिन्यात नवऱ्याच्या खात्यातून ९,६०० कशाचे जातात हा प्रश्न बायकोला पडू नये. खरं तर कोटेशनच तिला दाखवा. ती गणित शिकवते, ते प्लस प्लस तिने पहिल्या नजरेत पकडलं असतं.

एजंटला आजच एक मेल टाका: मेच्या पहिल्या पंधरवड्यातल्या तीन रात्री, दोन किनाऱ्यावर, एक पाण्यावर, स्पीडबोट, तिन्ही जेवणं, सर्व करांसकट एकच आकडा रुपयांत, डॉलर कुठल्या भावाने धरला ते आणि रद्द केल्यास किती परत ते. ‘साधारण’ हा शब्द असलेलं उत्तर परत पाठवा. बऱ्याच रिसॉर्टची नवविवाहितांसाठी सवलत असते, कुठे जेवण फुकट, कुठे खोली वरच्या दर्जाची, आणि त्यासाठी सहा महिने किंवा वर्षाच्या आतलं विवाह नोंदणी प्रमाणपत्र मागतात. फेब्रुवारीत लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात ते तुमच्या हातात नसतं, मेपर्यंत महापालिकेतून निघालेलं असेल. आणि तिचं तिकीट पासपोर्टवर जे आडनाव आहे त्याच नावाने काढा. लग्नानंतर नाव बदलणार असाल तर पासपोर्टचं काम मालदीवहून आल्यावर.