स्पीकर शिट्टी का मारतो?

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाच्या कार्यक्रमात गायकांचा आवाज वाढवला की स्पीकर शिट्टी मारतो. ध्वनितंत्रज्ञांना काय सांगावे?

उत्तर : स्पीकरमधून निघालेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून वाढत राहतो, म्हणून शिट्टी वाजते. तंत्रज्ञांना दोष देण्याआधी माइक ओठांजवळ आणावा, कारण हे अंतर निम्मे केल्यास गायकाचा आवाज माइकला सुमारे ६ डेसिबलने अधिक मिळतो आणि मिक्सरवर तेवढा कमी ठेवता येतो. कार्डिऑइड माइक, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणारा माइक, पाठीमागचा आवाज सर्वांत कमी घेतो. त्यामुळे मॉनिटर (गायकांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर) माइकच्या बरोबर मागे ठेवून घ्यावा आणि माइकची जाळी मुठीत झाकू नये. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पखवाज, पेटी आणि टाळांसह एक संपूर्ण अभंग म्हणून चाचणी करावी, कारण नुसत्या ‘हॅलो, हॅलो’वरून तंत्रज्ञांना टाळांचा जोर कळू शकत नाही.