१८०४ च्या सेंटने संग्रहाची सुरुवात करावी का?

शिवरायी जमवताना लागलेली सवय आता अमेरिकेतल्या वास्तव्यात तिथल्या जुन्या, मोठ्या तांब्याच्या सेंटकडे वळली आहे, एका विक्रेत्याकडे १८०४ सालचा सेंट बराच स्वस्तात मिळतो आहे, तर संग्रहाचा श्रीगणेशा त्यानेच करावा का, असे आपण विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे: करू नये. हे साल दुर्मीळ आहे आणि नेमके त्यामुळेच त्याच्या बनावट प्रतीही भरपूर झाल्या आहेत.

तरीही ते नाणे तपासायचे असेल, तर एक खूण लक्षात ठेवावी. १८०४ चे सगळे अस्सल सेंट ठशांच्या, म्हणजे नाण्याच्या दोन बाजू उमटवणाऱ्या कोरीव साच्यांच्या, एकाच जोडीतून पाडलेले आहेत. सालातले शून्य आणि मागील बाजूवरच्या ‘ऑफ’ या शब्दातला ‘ओ’ अस्सल नाण्यात एकमेकांच्या बरोबर पाठीशी येतात. १८०१ किंवा १८०३ च्या सेंटवरचा शेवटचा आकडा कोरून चार केलेला असेल, तर सहसा तसे जुळत नाही. ठसे फुटत गेल्यामुळे नंतर पाडलेल्या नाण्यांवर ‘लिबर्टी’ (स्वातंत्र्य) या शब्दाच्या शेवटच्या अक्षरांवर आणि ‘अमेरिका’च्या मधल्या अक्षरांवर कडेला धातूचा फुगवटाही दिसतो. याशिवाय १८६० च्या सुमारास टाकसाळीबाहेर, टाकून दिलेल्या गंजक्या ठशांतून पाडलेला एक ‘१८०४’ आहे. त्याची मागील बाजू १८२० च्या ठशाची आहे.

माझ्या मते या छंदाचा खरा आनंद सालात नसून ठशांत आहे. फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत सुरुवातीचे ठसे हातानेच कोरले जात, त्यामुळे एकाच सालाच्या दोन नाण्यांवर लिबर्टीच्या, म्हणजे स्वातंत्र्याचे प्रतीक असलेल्या स्त्रीमुखाच्या, केसांच्या बटा, सालाच्या आकड्यांतले अंतर किंवा मागच्या वेलीवरची फळे वेगवेगळी आढळतात. १७९३ या पहिल्याच वर्षी सेंटच्या तीन घडणी झाल्या. त्यांपैकी मागे साखळीचे चित्र असलेला सेंट ३६,१०३ नगांचा, आणि त्यातल्या पहिल्या ठशावर जागा पुरली नाही म्हणून ‘अमेरिका’ हा शब्द ‘अमेरि’ एवढ्यावरच तोडलेला आहे. १७९४ चे पन्नासाहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. एकावर मागच्या कडेच्या दातांमध्ये ९४ इवल्या चांदण्या आहेत. या सेंटचे अभ्यासक विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये १७९३ ते १८१४ च्या सेंटच्या ठसेवार प्रकारांना दिलेले क्रमांक आजही चालतात. अनेक विक्रेते नाण्याच्या वर्णनात फक्त साल लिहितात, त्यामुळे भिंग आणि चिकाटी असणाऱ्याला १७९८ च्या साध्या वाटणाऱ्या नाण्यांतही दुर्मीळ प्रकार सापडू शकतो.

तांबे कुठून आले, हाही मोठा रोचक भाग आहे. टाकसाळीला कोऱ्या चकत्यांची सतत टंचाई असे. न्यूयॉर्कच्या टॅलबट, ॲलम अँड ली या भारताशी व्यापार करणाऱ्या पेढीची तांब्याची टोकने (नाण्यांसारखी खासगी बिल्ले) विकत घेऊन, ती कापून १७९५ आणि १७९७ चे काही अर्धे सेंट पाडले गेले, आणि नशीब असेल तर लिबर्टीच्या चेहऱ्याखाली टोकनावरच्या जहाजाची पुसट रेषा दिसते. पुढे चकत्या पुरवणाऱ्यांत बर्मिंगहॅमचे मॅथ्यू बोल्टन होते. त्यांच्याच कारखान्यात १७९१ आणि १७९४ ची, तराजूचे चित्र असलेली मुंबई इलाख्याची तांब्याची नाणी पाडली गेली होती. ती आपल्याकडे असतील, तर एखाद्या सेंटशेजारी ठेवून जरूर पाहा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट: पृष्ठभाग. तांब्याची भांडी चिंच-मिठाने लख्ख करण्याचे आपल्या घरांतले संस्कार इथे पूर्ण विसरावेत. एकदा घासलेल्या नाण्याचा गुलाबी, निर्जीव रंग जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही आणि किंमत तिथेच कोसळते. मऊ, समान तपकिरी पृष्ठभागाचे झिजलेले नाणे, खड्डे पडलेल्या पण ठळक तपशिलाच्या नाण्यापेक्षा मी केव्हाही आधी उचलेन. अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून चिकट थर काढणे आणि उंटाच्या केसांच्या मऊ ब्रशने हलकेच झाडणे, एवढेच करावे. नाणी तपासणाऱ्या कंपन्या नाणे पारदर्शक डबीत बंद करून त्यावर त्याच्या स्थितीची जी श्रेणी लिहितात, तीही अंतिम मानू नये. ताम्रनाण्यांचे जुने संग्राहक अनेकदा तिच्याहून कडक श्रेणी लावतात.

सुरुवातीसाठी १७९८ किंवा १८०३ चा, गुळगुळीत तपकिरी पृष्ठभागाचा एखादा सेंट घ्यावा. १७९५ च्या अखेरीस सेंटचे वजन २०८ ग्रेनवरून १६८ ग्रेनवर, म्हणजे सुमारे १०.८९ ग्रॅमवर आणले गेले. झिजलेले नाणे थोडे हलके भरेल, पण फार तफावत असेल तर थांबावे. कडेभोवती बारीक सांधा दिसला, तर दोन पातळ कवचे जोडून केलेली प्रतिकृती असण्याचा संभव आहे. अलीकडे खऱ्या नाण्यावरून ठसे बनवून पाडलेल्या नकलाही येतात. दोन नाण्यांवर तोच ओरखडा त्याच जागी दिसला, तर दोन्ही नाकारावीत. १८०४ च्या विक्रेत्याकडे दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे, अचूक वजन आणि नाणे परत करण्याची लेखी हमी मागा. यांपैकी एखादी गोष्ट जरी मिळाली नाही, तर तो व्यवहार सोडून द्या.