तिसरं चाक जोडताना: वाचकांचे प्रश्न

साताऱ्यात वाढलेल्या माझ्या वयाच्या माणसाला साईडकार, म्हणजे गाडीच्या बाजूला जोडायची एका चाकाची बैठक, काही नवी नाही. १९७५ साली सुरू झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया साताऱ्याच्याच कारखान्यात बनायची, आणि आमच्या गल्लीत एका प्रियाला साईडकार जोडलेली होती. मी त्याच गाडीवर हात बसवला. पुढं गॅरेज टाकलं, साईडकार बसवल्या, अपंगांच्या स्कूटरना साईडव्हील लावली. यावेळी आलेल्या बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत दिसते: दोनाची तीन चाकं झाली की पडायची भीती संपली. उभ्या गाडीपुरतं ते खरं आहे. चालत्या गाडीचं मात्र सगळं गणितच बदलतं, म्हणून सांगलीच्या वाचकाचा प्रश्न आधी घेतो.

साईडकार जोडलेली जुनी ३५० सीसी बुलेट घेतली. मी २५ वर्षं मोटरसायकल चालवतोय. पण पहिल्याच दिवशी विश्रामबागेत डावीकडं वळताना गाडी वळेचना, समोरून येणाऱ्या रिक्षाच्या अंगावर निघाली. दुसऱ्या दिवशी तशाच वळणावर साईडकारचं चाक हवेत गेलं. गाडीत दोष आहे का? (एक वाचक, सांगली)

गाडी एकदा तपासून घ्याच, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून दोष गाडीचा वाटत नाही. ही २५ वर्षांची सवय आहे.

मोटरसायकल जरा वेगात असताना डावीकडं वळायचं तर आपण काय करतो? नकळत हँडलची डावी मूठ पुढं ढकलतो. गाडी डावीकडं झुकते आणि वळते. हे कुणी शिकवत नाही, अंगात आपोआप भिनतं. साईडकार जोडलेली गाडी झुकतच नाही. ती नुसत्या हँडलनं वळते, लहानपणीच्या तीनचाकी सायकलसारखी. तिची डावी मूठ पुढं ढकलली तर पुढचं चाक उजवीकडं वळणार. म्हणजे तुम्हाला जायचंय डावीकडं, गाडी निघाली उजवीकडं. मग माणूस घाबरतो, आणि घाबरलेला हात जुनीच सवय आणखी जोरानं करतो. तुमची गाडी रिक्षाकडं गेली ती अशी. माझ्याकडं साईडकार शिकायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातून पहिल्या दिवशी हेच झालं. पट्टीचे चालवणारे त्यात जास्त फसतात, कारण त्यांची सवय जास्त पक्की असते.

आता चाक का उचललं ते. आपल्याकडं साईडकार डावीकडं असते. डावीकडं वळताना सगळा भार बाहेर, म्हणजे उजवीकडं जातो आणि रिकामी साईडकार हलकी पडून उचलते. उजव्या वळणाला उलट होतं, भार साईडकारच्या चाकावर येतो आणि गाडी जमिनीला धरून राहते. अर्थात तिथंही वेग फार असला आणि वर ब्रेक दाबला तर साईडकारचं नाक खाली बसून गाडीचं मागचं चाक सुटतं. पण नव्या माणसाला धोका डाव्या वळणाचाच.

चाक उचललं की उजवा पाय जमिनीला टेकवायची ऊर्मी येते. टेकवू नका. पाय फुटरेस्टवरच ठेवा, एक्सलेटर हळूच सोडा, हँडल जरासं सरळ करा, अंग डावीकडं टाका. चाक खाली बसतं. पण हँडल सरळ करायला उजवीकडं जागा लागते, आणि भर रस्त्यात ती जागा समोरच्या गाडीची असते. म्हणून वेग उतरवायचा तो वळणाच्या आधी, वळणात शिरल्यावर नाही.

रविवारी सकाळी कुपवाड एमआयडीसीतला एखादा रुंद, रिकामा रस्ता बघा किंवा डांबरी मैदान शोधा. साईडकारमध्ये ३०-४० किलो वाळूचं पोतं तळाला घट्ट बांधा. दोन विटा मांडून त्यांच्याभोवती इंग्रजी आठाचा आकार काढत दहा-पंधराच्या वेगानं फिरा. मूठ ढकलायची नाही, हँडल ओढून वळवायचं, हे हातांना कळेपर्यंत फिरा. नंतर पोतं काढा, मोठा गोल धरून डावीकडं फिरत राहा आणि वेग इंचाइंचानं वाढवत चाक मुद्दाम किंचित उचलू द्या. ते कधी उचलतं आणि कसं बसतं, हे मैदानात एकदा अंगानं ओळखलं की रस्त्यावर गाळण उडत नाही. माझे काका मला पोत्यासकट चार रविवार फिरवत होते. पाचव्या रविवारी पोतं काढलं, तेव्हा हँडल इतकं हलकं लागलं की मी गाडी तिथंच थांबवली. तुम्हीही घाई करू नका. महिनाभर तरी एकट्यानं निघताना पोतं साईडकारमध्ये असू द्या.

आणि एक, यात ब्रेकचीही ओढ असते. एक्सलेटर पिळला की साईडकार मागं रेंगाळते आणि गाडी डावीकडं ओढते. ब्रेक दाबला की साईडकार पुढं रेटते आणि गाडी उजवीकडं ओढते. हा दोष नव्हे, साईडकारचा स्वभाव आहे. साईडकारच्या चाकालाही ब्रेक असेल तर दुसरी ओढ बरीच कमी होते. नसेल आणि बसवता येत असेल तर त्या खर्चाला मागंपुढं पाहू नका.

साईडकारची जोडणी बरोबर आहे का, ती घरी तपासता येते का? पुढचा आणि साईडकारचा, दोन्ही टायर एका बाजूनं खातायत. (एक वाचक, उंब्रज)

येते. सपाट फरशीवर गाडी उभी करा. एक सरळ पाईप मोटरसायकलच्या दोन्ही चाकांना लावून आणि दुसरा साईडकारच्या चाकाला लावून जमिनीवर ठेवा. दोन्ही पाईपांमधलं अंतर पुढं आणि मागं मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा साधारण अर्धा ते पाऊण इंच कमी असावं, म्हणजे साईडकारचं चाक किंचित गाडीकडं बघतं. फरक यापेक्षा जास्त असेल तर टायर घासत चालतो, आणि खातोय तो त्यामुळंच. मोटरसायकल स्वतः साईडकारपासून बाहेरच्या बाजूला किंचित, एखादा-दोन अंश कललेली हवी. साईडकारचं चाक मागच्या चाकाच्या रेषेत नको, सहा ते दहा इंच पुढं हवं. हे सगळं मोजताना रोजचा माणूस किंवा तेवढं वजन गाडीवर ठेवा, रिकाम्या गाडीचं माप खोटं येतं.

सपाट रस्त्यावर गाडी सतत डावीकडं ओढत असेल तर बाहेरचा कल थोडा वाढवा. पंचवीस-तीसच्या वेगाला हँडल थडथडत असेल तर आधी हँडलच्या बेअरिंग आणि साईडकार गाडीला धरून ठेवणारे क्लॅम्प बघा, मग स्टिअरिंग डॅम्परचा, म्हणजे हँडलची थडथड दाबणाऱ्या भागाचा विचार करा. क्लॅम्पचे नट पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचेच. ढिल्या क्लॅम्पची गाडी मी पुढं चालवू देत नाही.

पत्नीला साईडकारमध्ये बसवून पसरणी घाटानं पाचगणीला जायचंय. जमेल का? (एक वाचक, वाई)

चढताना जमेल. उतरताना जरा विचार करा.

चढावर डाव्या वळणाला तुम्ही एक्सलेटर देता, गाडी डावीकडं ओढते आणि वळणाला मदतच होते. उतारावरचं डावं वळण मात्र सगळ्यांत वाईट. ब्रेक दाबलेला असतो, त्यामुळं गाडी उजवीकडं ओढते, आणि वळणाचा भारही बाहेरच, उजवीकडं असतो. दोन्ही जोर एकाच दिशेला लागतात आणि त्या दिशेला वर येणारी एसटी असते. म्हणून उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा आणि इंजिनावर रोखा. ब्रेक वळणाच्या आधी सरळ रस्त्यात मारा, वळण हलक्या एक्सलेटरवर पार करा. पत्नी साईडकारमध्ये असल्यानं वजन खाली आणि डावीकडं राहतं, ते चांगलंच. वळणाला त्यांनीही अंग डावीकडं टाकावं, एवढं आधी सांगून ठेवा. ड्रम ब्रेक असतील तर घाटात मध्येच गाडी बाजूला घेऊन ते निवू द्या.

यवतेश्वर घाटालाही हेच लागू. पावसाळ्यात, कासला गर्दी असते त्या दिवसांत, नव्या हातानं साईडकार तिकडं नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलीचा डावा पाय पोलिओमुळं अधू आहे. ती नोकरीला लागली आहे. गिअर नसलेल्या स्कूटरला दोन्ही बाजूंनी साईडव्हील लावायची आहेत. लायसन्स, पासिंग, सगळं कसं करायचं? (एक आई, मिरज)

ताई, आधी गाडीचं सांगतो. साईडव्हीलची स्कूटर म्हणजे मूळ मागचं चाक तसंच राहून दोन्ही बाजूंना एकेक चाक येतं. तीही झुकत नाही, त्यामुळं वर सांगितलेली सवयीची अडचण तिथंही असते. तुमच्या मुलीनं याआधी दुचाकी चालवली नसेल तर तिला ती अडचण येणारच नाही. ती सुरुवातीपासून हँडलनंच वळायला शिकेल.

किट घेताना एक गोष्ट स्वतः बघा. बाजूच्या चाकांना स्वतंत्र शॉकअप आहेत का, की ती कडक पट्टीवर ठोकलेली आहेत? कडक असतील तर खड्ड्यावरून जाताना दोन्ही बाजूची चाकं काठांवर टेकतात, मधलं चाक अधांतरी राहतं आणि जागेवरच फिरतं. स्कूटर ओढायचं काम त्याच चाकाकडं असतं. पाऊस सुरू आहे, मागून गाड्या हॉर्न मारतायत आणि स्कूटर पुढं सरकत नाही, असं एका मुलीचं झालेलं मी पाहिलंय. तिला ढकलून बाहेर काढावं लागलं. शॉकअपचं किट थोडं महाग पडलं तरी तेच घ्या. घराचं फाटक आणि ऑफिसमधली पार्किंगची जागा आधी टेपनं मोजा, कारण गाडीची रुंदी बरीच वाढते. गाडी मागं कशी घ्यायची, तेही बघून ठेवा.

आता कागद. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं 'इनव्हॅलिड कॅरेज' हा जुना शब्द जाऊन 'अडॅप्टेड व्हेइकल' आला. मुलीचं लायसन्स याच वर्गाचं काढायचं. स्वतःच्या गाडीत असा बदल करून नंतर आरटीओची मंजुरी घेण्याची सोय कलम ५२ मध्ये आहे, पण बदल ठरवून दिलेल्या अटींत बसला पाहिजे. म्हणून किट घ्यायच्या आधी सांगलीच्या आरटीओत, म्हणजे एमएच १० च्या कार्यालयात, अपंगत्वाचा दाखला घेऊन जा आणि कोणतं किट चालतं ते विचारा. आरसी बुकात बदलाची नोंद झाली की विमा कंपनीलाही लेखी कळवा. ही नोंद राहिली तर अपघातानंतर दाव्याला फाटे फुटतात.

साईडकारला वेगळं लायसन्स लागतं का? आणि आत बसणाऱ्याला हेल्मेट? (एक वाचक, सातारा)

वेगळं लायसन्स लागत नाही. कायद्यातल्या मोटरसायकलच्या व्याख्येतच जोडता-काढता येणारी, जादा चाकाची साईडकार धरलेली आहे. पण नंतरून साईडकार जोडणं म्हणजे गाडीत बदल करणं. गाडी कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये ठामपणे सांगितलंय. त्यामुळं साईडकार विकत घेण्याआधी आरटीओत विचारा, जोडल्यावर नव्हे. जुनी जोडलेली गाडी घेत असाल तर आरसीवर साईडकारची नोंद आहे का, ते आधी बघा आणि मगच भाव करा.

हेल्मेट आत बसणाऱ्यालाही हवं. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते कायद्यानंच लागू आहे. त्याहून लहान मुलाला साईडकारमध्ये बसवून रस्त्यावर नेऊच नये, असं मी म्हणेन.

द्राक्षाचे क्रेट न्यायला १०० सीसी मोटरसायकलला बाजूनं लोखंडी गाडा वेल्डिंग करून घ्यायचा विचार आहे. (एक शेतकरी, तासगाव)

करू नका. १०० सीसीची चेसिस आणि ब्रेक एवढ्या वजनासाठी बनवलेले नाहीत, आणि चेसिसला वेल्डिंग केलं की ती त्याच जागी चिरते. वर पासिंग नाही, विमा नाही. माल वाहायचाच असेल तर जुना तीनचाकी टेम्पो बघा.

जुना तीनचाकी टेम्पो घेतलाय. आयुष्यभर मोटरसायकल चालवली, आता याचं हँडल जड लागतं आणि वळणाला भीती वाटते. (एक वाचक, पलूस)

भीती रास्त आहे. टेम्पोचं एक चाक पुढं आणि दोन मागं असतात. वळणात ब्रेक दाबला की सगळं वजन पुढच्या चाकाच्या आणि बाहेरच्या मागच्या चाकाच्या मधल्या तिरक्या रेषेवर येतं, आणि त्या बाजूला गाडीला टेकू देणारं चाकच नसतं. टेम्पो पलटतो तो असा. इथंही झुकून वळायचं नाही, वेग आधी उतरवायचा आणि वळणात ब्रेकला हात लावायचा नाही. माल खाली आणि दोन मागच्या चाकांच्या मधोमध ठेवा, क्रेट उंच रचू नका.

ऊसतोडीच्या दिवसांत आणखी एक जपा. तुमच्या भागातल्या रस्त्यावर उसाचं वाडं पडलेलं असतं आणि समोरून दोन ट्रेलर लावलेला ट्रॅक्टर येतो. मोटरसायकल साईडपट्टीवर उतरवून निघून जायची सवय असते. टेम्पोचं डावं चाक साईडपट्टीवर उतरलं की गाडी एका अंगाला कलते, आणि तशात हँडल झटक्यानं उजवीकडं फिरवलं तर ती आडवी होते. ट्रॅक्टर लांबून दिसला की आधीच रुंद जागा बघून थांबा आणि त्याला जाऊ द्या. अंधार पडल्यावर तर थांबाच, कारण कित्येक ट्रेलरना मागं दिवा नसतो आणि दुसरा ट्रेलर कुठं संपतो ते जवळ आल्याशिवाय कळत नाही.